सात नंबरचं पान

३ मार्च, सोमवार

आज बैठकीत मी वीस मिनिटं बोलले. आकडा माझा नाही, मौनीचा. त्याने घड्याळ लावून ठेवलं होतं.

विषय तसा दोन ओळींचा. रुग्णालयाच्या नवजात विभागासाठी आम्ही एक पान बनवतो आहोत. वेळेआधी जन्मलेली बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ठेवलेली असतात. आईबापांनी फोनवर आपल्या पेटीचा नंबर टाकायचा, की बाळाचा श्वास, ताप, वजन, दूध किती घेतलं, सगळं समोर. प्रश्न एवढाच: पान आधी उघडायचं आणि माहिती मागून येऊ द्यायची, की माहिती हातात आल्यावरच पान उघडायचं?

मौनी म्हणाला, "माहिती आली की उघडू." आमचा सर्व्हर सांभाळणारा हा माणूस शब्द रेशनवर मिळत असल्यासारखा बोलतो, म्हणून ते नाव.

मी उभीच राहिले. म्हटलं, माणसाला ताटकळत ठेवणं हे सत्तेचं सगळ्यात जुनं हत्यार आहे. ज्याच्या हाती अधिकार तो बसवून ठेवतो, ज्याच्या हाती काही नाही तो बाकावर बसून राहतो. दवाखान्यात, कचेरीत, कोर्टात, जगभर हेच. ज्या बाईचं बाळ काचेच्या पेटीत आहे तिला आपण आणखी एका बंद दाराबाहेर उभं करणार? माझ्या हयातीत नाही! बोट लागलं की पान उघडलंच पाहिजे. उघडं दार आधी, बाकी सामान मागून येईल.

मालक म्हणाले, "हिचं म्हणणं मान्य करा, मला तीन वाजता दुसरीकडे जायचंय."

मौनी म्हणाला, "बरं."

जिंकल्याचा आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार?

५ मार्च, बुधवार

आज पहिल्यांदा आत गेले. कोपरापर्यंत हात धुवायचे, दोन मिनिटं. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या राहून मोजत होत्या. अंगठी काढा, घड्याळ काढा. "आणि आत आवाज खाली."

"मी हळूच बोलते हो."

"बाहेर फोनवर बोलत होतात ना, ते आत पाच नंबरने ऐकलंय. दचकून उठला."

आत उजेड कमी, पेट्यांवर जाड कापडाची आच्छादनं. आठ पेट्या. सिस्टरांनी सात नंबरचं कापड एका बाजूने वर केलं आणि मला वाकून बघ म्हणून खूण केली.

माणूस किती क्षुद्र आहे हे मी पुष्कळ पुस्तकांत वाचलं आहे. आकाशापुढे क्षुद्र, काळापुढे क्षुद्र. व्यासपीठावरून ते शेकडो लोकांना सांगितलंही आहे. ते लिहिणाऱ्यांनी माणूस फार लांबून पाहिला असणार. नऊशे चाळीस ग्रॅम. माझ्या उशाशी असतो तो शब्दकोश हिच्याहून जड आहे. नाकात नळी, डोळ्यांवर पट्टी, टोपी. बोटांना नखं होती, दहाच्या दहा. आणि छाती. कातडीखाली फासळ्या दिसत होत्या, आणि ती छाती वर यायची, खाली जायची, थबकायची. पुन्हा वर यायची. प्रत्येक श्वास जणू त्या क्षणी नव्याने ठरवला जात होता.

मला बोलायला काही सुचलं नाही. असं शेवटचं कधी झालं होतं, आठवत नाही.

बाहेर आल्यावर सिस्टरांनी सांगितलं. मुलगी आहे. आई टपाल वाटते, पोस्टात. तीन मजले खाली, बायकांच्या वॉर्डात आहे. ऑपरेशननंतर टाक्यांत जंतू शिरले, म्हणून तिला वर यायला बंदी. जन्मली तेव्हा एकदा लांबून दाखवली तेवढीच. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आठवड्याने येतो. आज बारा दिवस झाले. पण दर तीन तासांनी ती दूध काढून अंगठ्याएवढ्या बाटलीतून वर पाठवते.

"किती घेते ही?"

"एका वेळेला दोन मिली, नळीतून. हसू नका, हिला आत्ता औषधापेक्षा त्याची गरज आहे. डब्याचं दूध चालत नाही या पोटांना. आईचं दूध थांबलं तर आमची धाबी दणाणतात."

मी हसत नव्हते.

९ मार्च, रविवार

आईला सगळं सांगितलं. ती शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवत होती. यंत्र चालू असलं की ती ऐकत नाही असं वाटतं, पण ते खरं नाही.

"डोळ्यांवर पट्टी बांधतात का अजून?" तिने मान वर न करता विचारलं.

"बांधतात. तुला गं काय माहीत?"

"वाचलं असेल कुठे."

आई वाचते कधी? वर्तमानपत्र ती कापड बेतायला घेते. मग तिने मऊ जुन्या साडीच्या तुकड्यातून एक टोपी कापली. माप विचारलं नाही. मूठ आवळली, मुठीवर कापड धरलं आणि कात्री चालवली. मी म्हटलं, एवढीशी कोणाला होणार? पण सात नंबरच्या डोक्याला ती चपखल बसेल हे मला बघताच कळलं. चाळीस वर्षांचा हात आहे, मापं डोळ्यांत असतात.

लगेच तिने दुसरी कापली.

"दोन कशाला? सात नंबरला एकच डोकं आहे!"

"असू दे. मी दोनच करते."

संध्याकाळी माझे पाय तिने मांडीवर घेतले. आठवडाभर जिने चढून पार फुटलेत. तेल लावताना तिचा अंगठा नेहमीसारखा टाचेच्या कडेला थांबला. तिथे बारीक पांढरे ठिपके आहेत, दोन्ही टाचांना. लहानपणी मी काट्यांत पडले होते म्हणे. केवढे ते काटे असतील! विचारलं की आई म्हणते, "होते खरे," आणि दुसऱ्या पायाला लागते.

११ मार्च, मंगळवार

पान सुरू झालं! ऑफिसात बोट लावलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं हजर. मौनीला म्हटलं, "बघ, पानाचा सांगाडा आधी आणि माहिती मागून, पण मधली फट कुणाला दिसते का?" तो म्हणाला, "इथे नाही."

दुपारी बायकांच्या वॉर्डात जाऊन सात नंबरच्या आईला स्वतः शिकवलं. ती खिडकीजवळच्या खुर्चीत उन्हाला बसली होती. उंच, काळीसावळी, चालून चालून पोटऱ्या घट्ट झालेली बाई. फोनवर सातचा आकडा दाबला आणि पान उघडलं: श्वास, ताप, नऊशे साठ ग्रॅम. ती बघत राहिली.

"वीस ग्रॅम वाढली?"

"हो."

"म्हणजे चार पत्रांएवढी," ती म्हणाली. मग पदराने नाक पुसत हसली. "सतरा वर्षं मी लोकांच्या दारात उभी राहते, मॅडम. माझ्या नावाचं काही येतं तेव्हा लाइटचं बिल असतं. आज पहिल्यांदा माझं टपाल आलं."

पुढे जे वाटलं ते लिहून ठेवण्याजोगं आहे. तीन मजले वर एक छाती हलते आणि खाली एका बाईच्या तळहातात ते उमटतं. आपण या चमत्काराला सरावलो आहोत, हीच आपली गरिबी. मी सरावणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

मौनीने आकडा दिला. सात नंबरच्या आईने काल पान एक्केचाळीस वेळा उघडलं. सिस्टर म्हणाल्या, बाटलीत आता दुधाची रेघ वर सरकली आहे. पान बघून झालं की तिला पान्हा फुटतो. बाळाला आता तीन मिली देतात.

१४ मार्च, शुक्रवार

लिहवत नाही.

सकाळी अकराच्या सुमारास तिने पान उघडलं. पलंगावर पडल्या पडल्या. पानावर आलं: पेटी ७, रिकामी.

तिने वाट पाहिली नाही. कोण पाहील? सलाईनची सुई ओढून काढली, उठली आणि जिना चढली. तीन मजले, अनवाणी. वरच्या दारापाशी सिस्टरांनी तिला धरलं तेव्हा पोटाशी गाऊन लाल झाला होता. दोन टाके तुटले. ती ओरडत नव्हती. फक्त विचारत होती, "कुठे नेली? कुठे नेली?"

बाळ पेटीत होतं. झोपलं होतं.

१५ मार्च, शनिवार

आज शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

तिचा पलंग आतल्या भिंतीला आहे, भिंतीपलीकडे क्ष-किरणाची खोली. तिथे फोनला रेंज धड येत नाही. मी तिला शिकवलं ते खिडकीपाशी, आणि तपासलं ते ऑफिसात. पलंगावर माहिती यायला चौदा सेकंद लागले. तोवर तिच्यापुढे होता नुसता सांगाडा. आणि ज्या रकान्यात काही नाही तिथे 'रिकामी' लिहायचं, हा नियम माझाच. नवं बाळ आलं की मोकळी पेटी सिस्टरांना चटकन सापडावी म्हणून मी तो घातला होता. तोच रकाना मी आईबापांच्या पानावर उचलून ठेवला.

माहिती आलीच. चौदा सेकंदांनी 'रिकामी' पुसून श्वास, ताप, वजन सगळं आलं. पण फोन तेव्हा पलंगावर पडला होता आणि ती जिन्यात होती.

जुन्या फायली काढल्या. मौनीने पहिल्याच आठवड्यात त्या नियमाच्या वर एक ओळ टिपून ठेवली होती: 'माहीत नाही' वेगळं आणि 'नाही' वेगळं. ती ओळ मी खोडली होती. कारण म्हणून लिहिलं होतं: अनावश्यक.

"तू बोलला का नाहीस?" मी त्याच्यावरच ओरडले.

"लिहिलं होतं ना, ताई."

"लिहून काय होतं? भांडायचं होतंस!"

त्याने चष्मा काढला, पुसला. "तुमच्याशी?"

अधीक्षकांनी पान बंद करायला सांगितलं आहे. दुरुस्तीला गुरुवारी दुपारी बारापर्यंत मुदत. "आणि तेव्हाही माझ्या मतावर नाही," ते म्हणाले. "सात नंबरची आई ठेवा म्हणाली तर ठेवू."

घरी आईला सांगत होते. यंत्र थांबलं.

"रिकामी दिसली?"

"चौदा सेकंद."

आईने सुईखालचं कापड सोडवलं. मग म्हणाली, "चौदा सेकंद पुष्कळ झाले. मला दारापासून चार पावलं लागली होती." उठून आत गेली. पाण्याचा आवाज येत राहिला. आजोबांच्या वेळचं बोलत असावी. ते गेले तेव्हा ती रुग्णालयातच होती. मी माझ्याच विचारात होते, विचारलं नाही.

१७ मार्च, सोमवार

वाईट बातमी आधी. सात नंबरच्या आईचं दूध थांबलं. शुक्रवारपासून बाटली कोरडी. टाके पुन्हा घातले, ताप चढला, वर जायची बंदी आणखी दहा दिवस वाढली. साठवलेलं दूध बुधवारपर्यंत पुरेल, सिस्टर म्हणाल्या. "फार तर गुरुवार सकाळ."

तिला भेटायला गेले. मनात माफीचं भाषण तयार होतं, चांगलं होतं. तिने हात वर केला. "दोन वाक्यांत सांगा, मॅडम. मला धाप लागते."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. तरी मी 'नाही' असं सांगितलं."

तिने भिंतीकडे तोंड केलं. "आम्ही दार बंद असलं तर पाकिटावर 'घर बंद' असं लिहितो. 'माणूस मेला' लिहीत नाही. नवीन पोरींनासुद्धा पहिल्या दिवशी हे कळतं."

फोन तिने आयाबाईंकडे देऊन टाकला आहे. "मला ते पान नको."

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. रविवारी दिवसभर बसून सगळं उलटं केलं होतं: माहिती पुरती आल्याखेरीज पान उघडायचंच नाही. वजनाचे आलेख, आठवड्याचे तक्ते, सूचना, सगळं आधी. मौनीला घेऊन तिच्या वॉर्डाबाहेर, त्याच भिंतीला टेकून बसले आणि बोट लावलं. पांढरं. नुसतं पांढरं. आम्ही मोजत होतो. दहा. पंधरा. फरशी पुसणाऱ्या मावशी वाकून बघायला लागल्या. "फोन गेला वाटतं?"

"नाही मावशी, माहिती येतेय."

"कुठनं, परदेशातनं?"

बावीस सेकंदांनी पान उघडलं. त्या पांढऱ्यात काहीही मावतं. 'रिकामी' हा शब्दसुद्धा नको, आईचं मन तो स्वतः लिहील.

आधी काय आणायचं आणि केव्हा आणायचं? प्रश्न दोन ओळींचा आहे असं मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं. आता तो मला डोंगराएवढा दिसतो.

१८ मार्च, मंगळवार

आज सिस्टरांच्या मागे दिवसभर उभी राहिले. तोंड मिटून. त्यांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

तीन वाजता सात नंबरची वेळ होती. सिस्टरांनी ट्रे घेतला. कापसाचे बोळे, नळीची पिचकारी, लंगोट, थर्मामीटर, रक्त घ्यायची सुई. एकेक वस्तू मांडली, मग बोटाने पुन्हा मोजली. सगळं तयार होतं आणि तरी त्या उघडेनात.

"थांबलात का?"

"ती झोपलीय. जागी होऊ दे."

"वेळ झाली ना?"

"घड्याळाची झाली. तिची नाही."

आम्ही उभ्या होतो. सात मिनिटं. मी व्यासपीठावर अध्यक्षांची वाट इतकी पाहिलेली नाही. मग तिचा पाय हलला, कपाळाला आठी पडली, आणि सिस्टरांनी पेटीची दोन गोल दारं उघडून हात आत घातले. नव्वद सेकंदांत सगळं आटोपलं. एकदाही हात बाहेर आला नाही. दारं बंद, कापड खाली.

"दार उघडलं की आतली ऊब जाते," त्या ट्रे पुसताना सांगत होत्या. "आणि सारखं सारखं उघडलं तर हिची सगळी ताकद दचकण्यात जाते. म्हणून जे लागणार ते आधी हातात, मग दार. पण म्हणून कुणी अख्खं कपाट उचलून आणत नाही. या वेळेला काय लागतं तेवढंच."

"आणि दार उघडल्यावर पहिलं काय?"

"छाती. डोळे आधी छातीकडे जातात. श्वास दिसला की मग बाकीचं. वजन पळून जात नाही."

मी वहीत लिहून घेत होते. त्या सुईबद्दलही त्यांनी सांगितलं: रक्त टाचेतून घेतात, रोज, कधी दिवसातून दोनदा, ही मुलं मोठी झाली तरी टाचांवर ठिपके राहतात, शाळेत जाणारी पोरं कधी भेटायला येतात तेव्हा त्या बूट काढून बघतात. पण माझं लक्ष उडालं होतं. डोक्यात एकच घुमत होतं. जे लागणार ते आधी हातात, मग दार. आधी छाती.

मौनी आणि मी, दोघंही चुकलो होतो! मी उघडं दार दिलं आणि आत कोणी नव्हतं. परवा मी अख्खं कपाट उचलून दारात अडकवलं. आईला पान उघडताना एकच गोष्ट हवी असते. ती आहे का? त्या उत्तराचं वजन चार शब्दांचं. पोस्टकार्डासारखं ते कुठल्याही फटीतून सरकेल, क्ष-किरणाच्या भिंतीतूनसुद्धा. तेवढं पानाच्या आधी आणायचं. बाकीचं तिने श्वास बघितल्यावर, मागून, सावकाश.

धावत ऑफिसात आले. मौनी म्हणाला, "चालेल." त्याच्या तोंडून हे म्हणजे टाळ्यांचा कडकडाट.

१९ मार्च, बुधवार

अडलो होतो एका जागी. ते चार शब्द यायलाही सेकंद-दोन सेकंद जाणारच. तेवढा वेळ पानावर काय असावं? मी एक वाक्य लिहिलं, सतरा शब्दांचं. त्यात धीर होता, लय होती. मौनीने ते वाचलं, सगळं निवडलं, खोडलं आणि लिहिलं: 'बघून सांगते.'

"एवढंच?"

"खरं तेवढंच आहे."

आणि काहीच आलं नाही तर? तर 'अजून कळलं नाही', खाली शेवटचं कधी पाहिलं ती वेळ. 'रिकामी' हा शब्द आईबापांच्या पानावरून कायमचा गेला. तो मी खोडला, या हाताने.

तिच्या पलंगामागच्या भिंतीला टेकून वीस वेळा मोजलं. दीड सेकंद. कधी दोन. बाळाच्या काळजाचे ठोके मिनिटाला दीडशे आहेत, सिस्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे आमच्या दीड सेकंदात ते काळीज पावणेचार वेळा उडतं. एवढ्याशा फटीत केवढं काय घडत असतं! आजवर मी सेकंद हा निरुपयोगी सुटा पैसा समजत होते.

साठवलेलं दूध उद्या सकाळी संपतं.

२० मार्च, गुरुवार

पावणेबाराला वॉर्डात गेलो. मी, मौनी, मोठ्या सिस्टर. अधीक्षक दारात उभे होते, घड्याळाकडे बघत.

सात नंबरची आई उशीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले. सिस्टरांनी तिच्या पांघरुणावर हात ठेवला. "बाई, सकाळी नऊला शेवटचं दूध दिलं. आता बाराला काय द्यायचं ते मला ठरवायचंय."

"माझ्याकडे नाही हो. काल रात्री, आज पहाटे, दोनदा बसले. काही येत नाही."

"माहीत आहे. म्हणून सांगते, एकदा बघा तिला."

"त्या पानात?" तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. बोलायला पुष्कळ होतं.

आयाबाईंनी फोन आणून दिला. ती तो हातात घेईना. मग म्हणाली, "एकदाच. आणि तुम्ही कोणी मला काही समजावू नका."

तिने आकडा दाबला.

बघून सांगते.

एक सेकंद. दीड. दोन. काल वीस वेळा मोजलं होतं आणि वीसही वेळा एवढ्यात आलं होतं. तीन. भिंतीपलीकडे क्ष-किरणाचं यंत्र घरघरत होतं. चार. मी पुढे झाले, हे रेंजमुळे आहे, हे यंत्रामुळे आहे, काही झालेलं नाही, हे सगळं सांगायला तोंड उघडलं.

तिने माझ्याकडे न बघता तळहात उभा केला. "थांबा ना मॅडम. बघायला गेलीय ती."

अधीक्षकांनी घड्याळाचा हात खाली घेतला होता. आम्ही पाच माणसं एका फोनकडे बघत उभी होतो आणि ती बाई, जिचे टाके याच पानाने तोडले होते, ती आमच्यातली एकटीच निवांत वाट पाहत होती. मला ताटकळणं माहीत होतं. त्यावर मी वीस मिनिटं बोलू शकते. हे ते नव्हतं. हिच्या वतीने कुणीतरी वर गेलं होतं, पेटीवरचं कापड उचलत होतं, आणि ही त्याला पुरेसा वेळ देत होती.

आहे. श्वास चालू. ११:४८ ला पाहिलं.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं, ओठ हलवून. मग खाली बाकीचं उतरायला लागलं. ताप. दूध. एक हजार दहा ग्रॅम. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बोट पहिल्याच ओळीवर होतं.

"११:४८," ती म्हणाली. "आत्ताच की."

मोठ्या सिस्टर काही म्हणणार होत्या, पण ती मान खाली घालून गाऊनकडे बघत होती. छातीशी कापडावर एक ओला डाग पसरत होता. तिने तो हाताने झाकला, आणि अधीक्षकांकडे, मौनीकडे बघून वैतागून म्हणाली, "बाप्यांनी बाहेर व्हा आधी. सिस्टर, बाटली द्या, लवकर!"